हुकूम एकाचा, नजर सर्वांची : लढाऊ विमानांच्या पथकांकडून कारखानदाराने काय शिकावे?

व्यापार हा एकट्याचा खेळ नाही, हे आपल्या पेठेत कुणाला सांगण्याची गरज नाही. सूत एकाचे, सायझिंग दुसऱ्याकडे, माग तिसऱ्याचा, रंगाई चौथ्याची आणि विक्री पाचव्याची. एका थानामागे पंधरा-वीस जणांचे हात असतात. तरीही दुकान किंवा कारखाना चालवताना आपण असे वागतो, जणू डोके फक्त मालकाचे आणि बाकीच्यांचे नुसते हात. माल बिघडला की आपला पहिला सवाल असतो, "कोणी केलं?" कसं झालं, हे विचारायला आपल्याला सवड नसते.

आज आम्ही वाचकांना ज्या लोकांची ओळख करून देणार आहोत, त्यांनाही एके काळी अशीच सवय होती. ती सोडायला त्यांना फार मोठी किंमत मोजावी लागली. हे लोक म्हणजे फौजी विमाने उडवणारे वैमानिक आणि ती विमाने उडण्याजोगी ठेवणारे कारागीर. कपड्याच्या व्यापाऱ्याला विमानाची उठाठेव कशाला, असे कुणी म्हणेल. त्याचे उत्तर सरळ आहे. आपल्या चुकीची किंमत आपण रुपयांत मोजतो आणि बहुतेक वेळा ती पुढच्या हंगामात भरूनही काढतो. त्यांच्या चुकीची किंमत त्याच दिवशी, त्याच मिनिटाला जिवाने मोजावी लागते. ज्याला शिकल्यावाचून गत्यंतर नसते तो लवकर शिकतो. त्यांनी जे शिकून ठेवले ते पुढे प्रवासी विमान कंपन्यांनी उचलले, इस्पितळांनी उचलले. मग आपण का उचलू नये?

एका खटक्याची गोष्ट

३० ऑक्टोबर १९३५ या दिवशी अमेरिकेच्या ओहायो राज्यात, डेटन शहराजवळच्या राइट फील्ड या विमानतळावर एक परीक्षा चालू होती. तिथल्या लष्कराला नवे बॉम्बफेकी विमान घ्यायचे होते. बोइंग कंपनीने 'मॉडेल २९९' नावाचे चार इंजिनांचे मोठे विमान आणले होते. प्रतिस्पर्ध्यांच्या मालापेक्षा ते वेगाने, पल्ल्याने आणि वजन वाहण्याच्या ताकदीने सरस होते. ऑर्डर त्यांनाच मिळणार, हे जवळजवळ ठरल्यासारखेच होते. विमान चालवायला लष्करातले तजुर्बेकार वैमानिक मेजर प्लॉयर हिल बसले होते आणि बोइंगचे आपले नामांकित वैमानिक लेस्ली टॉवर सोबत होते.

विमान जमिनीवरून उठले, नाक वर करून सरळ चढत गेले, हवेत डगमगले आणि कोसळून पेटले. हिल त्याच अपघातात गेले. टॉवर यांचा जखमांमुळे पुढे मृत्यू झाला.

चौकशीत यंत्राचा दोष निघाला नाही. विमान जमिनीवर उभे असताना वाऱ्याने शेपटीचे पडदे हलून मोडू नयेत म्हणून त्यांना अडकवून ठेवणारा एक खटका असतो. उडण्यापूर्वी तो सोडायचा असतो. तो सोडायचा राहून गेला होता. बस्स, एवढेच! नवशिक्या माणसाने विसरला असता तर नवल नव्हते, पण इथे लष्करातला निवडक माणूस विसरला होता.

बोइंगच्या हातून मोठी ऑर्डर गेली आणि लष्कराने डग्लस कंपनीचे लहान, दोन इंजिनांचे विमान पसंत केले. तरीही परीक्षेसाठी म्हणून बोइंगची तेरा विमाने घेतली गेली. आता प्रश्न होता की, ही चालवायची कशी? आपण असतो तर म्हणालो असतो, "जास्त हुशार माणूस आणा," नाहीतर "शिक्षण वाढवा." पण हिल यांच्यापेक्षा जास्त शिकलेला माणूस आणायचा कुठून? त्या वैमानिकांनी वेगळाच विचार केला. काम अवघड झाले आहे आणि माणसाची याददाश्त तेवढीच आहे, तेव्हा सारा भरवसा याददाश्तीवर टाकू नये, असे त्यांनी ठरवले. उडण्यापूर्वी, उडताना, उतरण्यापूर्वी आणि उतरल्यावर काय काय पाहायचे, याची एक छोटी चिठ्ठी त्यांनी बनवली. आज जिला सारे जग 'चेकलिस्ट' म्हणते, ती अशी रुजली.

त्याच विमानाचे पुढे 'बी-१७' असे नाव झाले आणि दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीपर्यंत अशी १२,७३१ विमाने बनली. यंत्र मुळात तेच होते, माणसेही तशीच होती. फरक पडला तो कामाच्या रीतीत.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. चिठ्ठी हाती धरणे म्हणजे आपल्या हुन्नराचा अपमान आहे, असे त्या वैमानिकांना वाटले नाही. आपल्याकडे मात्र पंचवीस वर्षांच्या कारागिराला यादी दाखवली तर तो म्हणतो, "मला काय शिकवता?"

रंगीत सदऱ्यांची नौका

मुंबईच्या वाचकांपैकी अनेकांनी जुनी 'विक्रांत' पाहिली असेल. ही विमानवाहू नौका २००१ ते २०१२ या काळात मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. पुढे दारूखान्यात ती तोडली गेली. नौकेच्या पाठीवरची ती जागा पाहताना आमच्या मनात एकच विचार येत असे की, इतक्याशा पट्टीवर विमाने उतरवणाऱ्यांचे काळीज कसले असेल?

अमेरिकेच्या मोठ्या विमानवाहू नौकांवर पाच हजारांच्या आसपास माणसे आणि साठ-सत्तर विमाने असतात. दोन-तीन सेकंदांत विमान ताशी अडीचशे किलोमीटरच्या वेगाने फेकले जाते. शेजारीच इंधन भरले जात असते, बॉम्ब चढवले जात असतात आणि दुसरीकडून विमाने उतरत असतात. त्या डेकवर काम करणारी बरीचशी पोरे विशीच्या आसपासची असतात. इंजिनांच्या आवाजात बोललेले ऐकू येत नाही, म्हणून ओळख पटते ती सदऱ्याच्या रंगावरून. जांभळा सदरा इंधनवाल्याचा, लाल दारूगोळ्यावाल्याचा, पिवळा विमाने हलवण्याचे इशारे करणाऱ्याचा आणि पांढरा सुरक्षेवाल्याचा. कोणाचे काम काय, याबद्दल क्षणभरही शंका राहत नाही.

१९८० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या बर्कले विद्यापीठाचे काही संशोधक या नौकांवर जाऊन राहिले. इतक्या धोक्यात इतके कमी अपघात कसे होतात, हे त्यांना समजून घ्यायचे होते. त्यांना दिसले ते असे. एरवी हुद्द्याची उतरंड कडक, सलाम करण्यात कसूर नाही. पण विमाने उतरू लागली की शब्द हुद्द्याचा चालत नाही, ज्याला त्या घडीला दिसते आणि कळते त्याचा चालतो. डेकवर काही बिनसलेले दिसले तर सर्वात कनिष्ठ खलाशीही हात वर करून उड्डाण थांबवू शकतो. आधी काम थांबते, विचारपूस मागाहून होते.

'कार्ल विन्सन' या नौकेवरचा एक किस्सा या विषयाच्या अभ्यासकांत प्रसिद्ध आहे. एका खलाशाच्या ध्यानात आले की, आपले एक हत्यार डेकवर कुठे तरी हरवले आहे. छोटे हत्यार, पण विमानाच्या इंजिनात ओढले गेले तर इंजिन फुटते. तो गप्प बसू शकला असता. कुणी पाहिले नव्हते. पण त्याने जाऊन सांगितले. हवेत असलेली विमाने जमिनीवरच्या तळांकडे वळवली गेली, सारे काम थांबले आणि शोध सुरू झाला. अशा थांबण्याचा खर्च किती होत असेल, याचा हिशेब वाचकांनीच करावा. दुसऱ्या दिवशी त्या खलाशाला सर्वांसमोर उभे केले गेले, ते शाबासकी देण्यासाठी!

आपल्या कारखान्यात कारागीर येऊन म्हणाला, "सेठ, माझ्याकडून कात्री बीममध्ये राहिली असावी, माग थांबवा," तर आपण त्याला काय देऊ? छातीवर हात ठेवून सांगावे.

उड्डाणानंतरची बैठक

व्हिएतनामच्या लढाईत १९६८ पर्यंत अमेरिकी नौदलाच्या वैमानिकांची कामगिरी त्यांच्याच वरिष्ठांना बेचैन करणारी होती. एक विमान गमावून शत्रूची जेमतेम दोन-अडीच विमाने पडत होती. कॅप्टन फ्रँक ऑल्ट यांनी चौकशी करून अहवाल दिला आणि त्यातून १९६९ साली सॅन डिएगोजवळ मिरामार येथे एक शाळा उघडली, तीच 'टॉपगन'. लढाईच्या शेवटच्या टप्प्यात हे प्रमाण एकास बारापर्यंत गेले, असे नौदलाचे आकडे सांगतात.

त्या शाळेचे खरे काम हवेत जेवढे झाले, तेवढेच जमिनीवर झाले. सरावाचे उड्डाण संपले की सारे एका खोलीत बसत. कोणती हालचाल केव्हा झाली, कोणाला काय दिसले, काय ठरले होते आणि काय घडले, याचा खुलासा होत असे. उड्डाण तासाभराचे असले तरी बैठक कित्येकदा त्याहून लांब चाले. तिथला दंडक असा की, कोण बरोबर हे पाहायचे नाही, काय बरोबर ते पाहायचे. अनेक लढाऊ पथकांत ही बैठक सुरू होताना हुद्दा दाराबाहेर ठेवला जातो आणि पथकाचा नायक सर्वात आधी आपली चूक सांगतो. नायकाने आपली चूक कबूल केली की कनिष्ठाच्या जिभेवरचे कुलूप उघडते. नायक गप्प राहिला तर कितीही नियम केले तरी कुणी तोंड उघडत नाही.

गप्प बसण्याची किंमत

ही संस्कृती जिथे तुटते तिथे काय होते, तेही पाहिले पाहिजे. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या कॅनरी बेटांपैकी तेनेरिफे येथे दाट धुक्यात दोन जंबो विमाने धावपट्टीवर आदळली आणि ५८३ माणसे मेली. ज्या विमानाने परवानगीशिवाय धाव घेतली, त्याचा कप्तान त्या कंपनीत इतर वैमानिकांना शिकवणाऱ्यांचा प्रमुख होता. समोरचे विमान अजून पट्टीवरून बाजूला झाले नसावे, अशी शंका त्याच्या फ्लाइट इंजिनिअरने बोलून दाखवली होती. कप्तानाने ठासून सांगितले की, झाले आहे. पुन्हा कुणी काही बोलले नाही.

पुढच्याच वर्षी, २८ डिसेंबर १९७८ रोजी, अमेरिकेत पोर्टलंडजवळ एक विमान इंधन संपून पडले. कप्तान चाकांच्या बिघाडात गुंतला होता. इंधन उतरत चालले आहे, हे साथीदारांना कळत होते, पण त्यांनी सांगितले ते इतक्या हळू सुरात की कप्तानाच्या कानांवर पडूनही मनात उतरले नाही. दहा माणसे गेली. या अपघातांनंतर १९७९ साली 'नासा'ने तज्ज्ञांची बैठक बोलावली. १९८१ पासून विमान कंपन्यांनी साऱ्या पथकाने मिळून काम करण्याचे रीतसर शिक्षण सुरू केले. पुढे अमेरिकेच्या हवाई दलाने आणि नौदलानेही ते घेतले. म्हणजे फौजेकडून नागरी विमानांकडे आणि तिकडून पुन्हा फौजेकडे, अशी ही देवघेव झाली.

या शिक्षणाचे फळ १९ जुलै १९८९ रोजी दिसले. अमेरिकेतल्या सू सिटी येथे एका विमानाची सुकाणू फिरवणारी सारी यंत्रणा हवेत निकामी झाली. कप्तान अल हेन्स तरुणपणी मरीन दलाचे वैमानिक होते. प्रवाशांत बसलेल्या एका शिक्षक वैमानिकालाही त्यांनी आत बोलावून घेतले आणि चौघांनी मिळून, फक्त इंजिनांचा जोर कमी-जास्त करत विमान धावपट्टीपर्यंत आणले. २९६ पैकी १८४ जीव वाचले. हेन्स पुढे आयुष्यभर सांगत राहिले की, हे एकट्याच्या डोक्याचे काम नव्हते.

पण फौजेत सारे आलबेल असते, असेही कुणी समजू नये. अमेरिकेच्या फेअरचाइल्ड हवाई तळावर एक लेफ्टनंट कर्नल बी-५२ हे अवजड विमान वर्षानुवर्षे नियम मोडून, धोकादायक रीतीने उडवत असे. तो कसबी होता, म्हणून वरिष्ठ दर वेळी डोळेझाक करत. मार्क मॅगीहन या तिथल्या एका स्क्वॉड्रन प्रमुखाने त्याला उड्डाणावरून काढा, अशी मागणी केली, पण ती मान्य झाली नाही. तेव्हा मॅगीहन यांनी ठरवले की, आपल्या पोरांना त्याच्यासोबत पाठवायचे नाही, जायचेच असेल तर आपण स्वतः बसायचे. २४ जून १९९४ रोजी सरावाच्या उड्डाणात ते विमान जमिनीलगत अति तिरपे वळवले गेले आणि कोसळले. चौघे मेले. त्यात मॅगीहन होते. त्यांची पत्नी आणि मुले खाली उभी राहून पाहत होती.

ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगितली. प्रत्येक कारखान्यात असा एक 'कसबी' असतो. काम चोख, पण नियम त्याला लागू नाहीत, जबान तिखट आणि बाकीचे त्याच्यापुढे दबलेले. मालक म्हणतो, "असू द्या, त्याच्यासारखा हात दुसऱ्याचा नाही." नुकसान झाले की ते सोसणारा मात्र दुसराच कुणी असतो.

ऑपरेशनच्या टेबलापर्यंत

विमानांची ही रीत दुसऱ्या धंद्यात चालते का, याचा सर्वात चांगला पुरावा इस्पितळांत मिळतो, आणि त्याचा एक धागा आपल्या महाराष्ट्राशी जुळतो. अमेरिकेतले सर्जन डॉ. अतुल गावंडे यांचे वडील मूळचे यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे. जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेतले मृत्यू कमी करण्याचे काम डॉ. गावंडे यांच्याकडे सोपवले, तेव्हा ते बोइंग कंपनीत विमानांच्या चेकलिस्ट बनवणाऱ्या माणसाला भेटायला गेले. त्यांनी पाहिले की, चांगली यादी छोटी असते, ठरलेल्या थांब्यावर वाचायची असते आणि माणसाला सगळे शिकवत बसत नाही, फक्त जे हमखास राहून जाते त्याची आठवण देते.

त्यातून १९ कलमांची यादी तयार झाली. भूल देण्यापूर्वी, चिरा देण्यापूर्वी आणि रुग्णाला बाहेर नेण्यापूर्वी असे तीन थांबे ठरले. त्यात एक साधे कलम असे की, खोलीतल्या प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगायचे. ज्याने एकदा तोंड उघडले, तो पुढे गरज पडल्यास बोलायला कचरत नाही. जगातल्या आठ शहरांत ही यादी वापरून पाहिली गेली, त्यात आपली दिल्लीही होती. २००९ साली निकाल छापून आला. शस्त्रक्रियेनंतरच्या मोठ्या गुंतागुंती शंभरात ११ वरून ७ वर आल्या आणि मृत्यू १.५ वरून ०.८ वर.

आता दुसरी बाजूही सांगणे आमचे कर्तव्य आहे. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात सरकारने ही यादी सक्तीची केली. १०१ इस्पितळांचा हिशेब २०१४ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. यादी तीच, मग असे का? जाणकारांपैकी अनेकांचे मत असे की, कागदावर खुणा करणे सोपे असते, खरोखर थांबून एकमेकांना विचारणे अवघड असते. यादी भिंतीवर चिकटवली म्हणजे माणसे बदलत नाहीत. आम्हाला वाटते, या साऱ्या विषयाचे सार इथेच आहे.

आमच्याच दुकानातली गोष्ट

दुसऱ्यांच्या चुका सांगून झाल्या, आता एक आमची. काही वर्षांपूर्वी ईदच्या हंगामासाठी आम्ही सुमारे चार हजार मीटर कापड रंगवायला पाठवले. रंगाचा नंबर आम्ही फोनवर सांगितला आणि आमच्या पेढीवर चलन लिहिणाऱ्या मुलाने तो उतरवून घेतला. माल आला तो नमुन्यापेक्षा दोन छटा गडद. ज्याची ऑर्डर होती त्याने घेतला नाही. पुन्हा रंगवायला वेळ उरला नव्हता. हंगाम गेला आणि तो माल वर्षभरात पडत्या भावाने निघाला. आम्ही रंगाईवाल्याशी भांडलो. त्याने आमच्याच हुकुमाचा नंबर दाखवला. चूक आमची होती.

दोन वर्षांनी तो मुलगा दुसरीकडे कामाला लागला आणि सलाम करायला आला, तेव्हा बोलता बोलता म्हणाला, "चाचा, त्या दिवशी नंबर लिहितानाच मला कळलं होतं, नमुन्याच्या तुकड्यावर वेगळा होता."

आम्ही म्हणालो, "मग बोलला का नाहीस, बेटा?"

तो खाली पाहून म्हणाला, "आदल्याच दिवशी गिऱ्हाइकांसमोर तुम्ही मला म्हणाला होतात, तुला विचारलं तेवढंच बोल."

आम्हाला ते वाक्य आठवतही नव्हते. त्याला आठवत होते. त्या एका वाक्याची किंमत आम्ही चार हजार मीटरांत मोजली. त्या दिवसापासून आम्ही या विषयाचे वाचन सुरू केले.

आपल्या धंद्यात काय करता येईल?

मोठा खर्च नको, बाहेरचा सल्लागारही नको. चार-सहा माणसांच्या दुकानात किंवा चोवीस मागांच्या शेडमध्ये पुढील पाच गोष्टी बसू शकतात.

पहिली, सकाळची पाच मिनिटे. काम सुरू होण्यापूर्वी सर्वांना उभे करून आज कोणाचा माल, काय अडचण, कोणाचे काम काय, एवढे सांगावे. शेवटी विचारावे, "कुणाला काही खटकतंय का?" आणि उत्तर येईपर्यंत थांबावे. पहिले काही दिवस कुणी बोलणार नाही. तरी विचारत राहावे.

दुसरी, छोटी चिठ्ठी. सर्व कामांची यादी करू नये. जिथे चूक झाली तर परत फिरता येत नाही, तेवढ्याच जागा निवडाव्यात. बीम चढवण्यापूर्वी सुताचा काउंट, फणी, पीक आणि पन्हा. रंगाईला देण्यापूर्वी नमुन्याचा तुकडा समोर ठेवून शेड नंबर, लॉट आणि मीटर. गाठ निघण्यापूर्वी पार्टीचे नाव, गाव, थान, मार्का, बिल आणि ई-वे बिल. पाच-सात कलमांपेक्षा जास्त नको. एकाने मोठ्याने वाचावे, दुसऱ्याने माल पाहून उत्तर द्यावे. वाचणारा आणि पाहणारा एकच असेल तर ती तपासणी नव्हे. चिठ्ठी कामगारांना सोबत घेऊन बनवावी, कारण कुठे चुकते ते त्यांनाच ठाऊक असते.

तिसरी, थांबवण्याचा हक्क. कापडात दोष दिसला तर कारागिराने माग थांबवावा, असे आपण तोंडाने म्हणतो. पण त्याची मजुरी मीटरवर असते. माग थांबला की त्याच्या पोराबाळांच्या तोंडचा घास कमी होतो, मग तो का थांबवील? नौकेवरच्या खलाशाचा पगार विमाने थांबवल्याने कापला जात नाही. म्हणून खऱ्या कारणासाठी थांबवलेल्या वेळेची मजुरी द्यावी. ज्याला हा खर्च जास्त वाटेल, त्याने वर्षभराच्या 'सेकंड' मालाचा हिशेब काढून पाहावा. थांबवण्याचा हक्क देऊन त्याचा खर्च कारागिराच्याच माथी मारणे, हा हक्क नव्हे, मस्करी आहे.

चौथी, हंगामानंतरची बैठक. ईद, दिवाळी, लग्नसराई संपली की एक तास सर्वांनी बसावे. काय ठरले होते, काय झाले, फरक का पडला आणि पुढच्या वेळी काय करायचे, हे चार सवाल पुरेत. सुरुवात मालकाने स्वतःच्या चुकीपासून करावी. जे ठरेल ते लिहून ठेवावे, नाहीतर पुढच्या वर्षी तीच चूक नव्याने होते.

पाचवी, चूक आणि लबाडी यांत फरक. अमेरिकेत १९७६ पासून 'नासा' वैमानिकांच्या चुकांचे अहवाल स्वीकारते. सांगणाऱ्याचे नाव काढून टाकले जाते आणि नकळत झालेल्या चुकीबद्दल, ठरलेल्या अटींत, त्याला दंडातून सूट मिळते. गुन्ह्याला मात्र ही सूट नाही. आपणही असाच नियम करावा. स्वतःहून सांगितलेल्या चुकीचे पैसे कापले जाणार नाहीत. लपवलेल्या चुकीचा जाब विचारला जाईल. चोरीला माफी नाही.

अदब आणि जबान

आमचे काही व्यापारी मित्र म्हणतील, "असं केलं तर कारागीर डोक्यावर बसतील, हुकूम कोण मानेल?" ही भीती खोटी नाही. पण ज्यांचे उदाहरण आम्ही दिले ती फौज आहे. तिच्याइतकी शिस्त आपल्या कुणाच्या दुकानात आहे? तिथे कप्तान कप्तानच राहतो, शेवटचा निर्णय त्याचाच असतो. फरक इतकाच की, निर्णयाआधी सर्वांनी बोलायचे आणि निर्णयानंतर सर्वांनी मानायचे. निर्णयाआधीची चुप्पी ही शिस्त नव्हे आणि निर्णयानंतरची कुरकुर म्हणजे मशवरा नव्हे.

उस्तादापुढे शागिर्दाने नजर खाली ठेवावी, हे आपण लहानपणापासून शिकलो. तो अदब टिकावा, असेच आम्हालाही वाटते. पण खाली ठेवलेल्या नजरेला कधी कधी उस्तादाच्या पायाजवळचा खड्डा आधी दिसतो. तो दाखवून देणे ही बेअदबी नाही. ऐकून घेणे हे मात्र उस्तादाचे काम आहे.

एक इशाराही देतो. अमेरिकेत निवृत्त लढाऊ वैमानिक कंपन्यांना या गोष्टी शिकवण्याचा धंदा करतात. आपल्याकडेही अशी शिबिरे भरतात. त्यांतले चांगले घ्यावे, पण फौजी बोली, बिल्ले आणि घोषणा दुकानात आणून काही साधत नाही. आपल्याकडे लढाई नाही, गिऱ्हाईक शत्रू नाही, आणि चार माणसांच्या पेढीला रजिस्टरांचे ओझे झेपणारही नाही. घ्यायचे ते एवढेच की, माणूस चुकतो हे गृहीत धरावे आणि एकाची चूक दुसऱ्याच्या नजरेने पकडली जाईल, अशी रीत बसवावी.

हल्ली आमच्या पेढीवर रंगाईचा नंबर दोघे मिळून वाचतात, नमुन्याचा तुकडा समोर ठेवून. चुका थांबल्या, असे आम्ही म्हणणार नाही. पण मागच्या हंगामात चलन लिहिणारा नवा मुलगा आम्हाला म्हणाला, "चाचा, एक मिनिट थांबा, हा नंबर पुन्हा बघू." नंबर बरोबरच निघाला. त्याची एक मिनिटाची शंका फुकट गेली. तरी आम्ही त्याला सर्वांसमोर शाबासकी दिली.